तोंड दिसलं पाहिजे

आमच्या शाळेत पुरुष शिक्षकांना मिशी वाढवायची सोय नव्हती. सरकारी नियम काही नव्हता; नियम शमीमआपाचा होता. नवा शिक्षक रुजू झाला की ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची. डोळ्यांत न बघता ओठांकडे बघायची आणि म्हणायची, "सर, मिशी छान हाय तुमची. पण वरचा ओठ झाकतोय. पोरांना 'प' दिसणार नाय."

एका मुख्याध्यापकांची मिशी चांगली झुपकेदार होती आणि त्यांना तिचा अभिमानही होता. त्यांनी आधी हसण्यावारी नेलं. शमीमआपा आठवडाभर रोज प्रार्थनेनंतर त्यांच्या खोलीत जायची आणि नुसती बसून राहायची. शेवटी ते वैतागून म्हणाले, "मॅडम, माझ्या मिशीनं कुणाचं काय बिघडलंय?" तर ती म्हणाली, "पोरांना वाटतं, सर आपल्याशी बोलत नाहीत, नुसतं काहीतरी चावत बसतात." दुसऱ्या दिवशी सर वरचा ओठ मोकळा करून आले. त्यांच्या बायकोनं नंतर आपाला फोन करून आभार मानले, असं आपा सांगायची. खरंखोटं मला माहीत नाही.

शाळा कर्णबधिर मुलांची, निवासी. गंगापूर, पैठण, वैजापूर, कुठून कुठून मुलं यायची. मी तिथं चित्रकला शिकवायला लागले तेव्हा आपाला तिथं बरीच वर्षं झाली होती. कागदोपत्री ती शमीम पठाण, मुलांची शमीम मॅडम. मी वयानं लहान, म्हणून मी आपा म्हणायला लागले आणि तिनं ते चालवून घेतलं.

तिच्याशी बोलायचं तर हातातलं काम खाली ठेवावं लागे. फळ्यावर लिहिताना ती एक अक्षरही बोलत नसे. लिहून झालं की वळायची आणि मगच तोंड उघडायची. वर्गात सुपारी चघळणाऱ्या एका शिक्षकाला तिनं कागद पुढं धरून तिथंच थुंकायला लावलं होतं. कुणाला बोलवायचं असलं की हाक न मारता जमिनीवर टाच आपटायची, नाहीतर दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायची. ही सवय घरीही सुटली नव्हती. बजाजनगरला तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा आतल्या खोलीतला दिवा फडफडला आणि तिचे नवरे, रफिकभाई, टॉवेलला हात पुसत बाहेर आले. मला हसू आलं. ते म्हणाले, "क्या करें बाई, मुझे कान है ये वो भूल गई."

वाळूजला एका कंपनीत ते मशीनवर होते. उंच, कमी बोलणारे. मुलगी लग्न होऊन जालन्याला गेलेली. घरात ही दोघंच.

ती या कामात का आली, हे तिनं मला एकदाच सांगितलं. तिचा मोठा भाऊ जन्मापासून बहिरा होता. "ईदला समदे एका दस्तरखानावर बसायचे," ती म्हणाली. "कुणीतरी काहीतरी बोलायचं, समदे हसायचे. भाई माझ्या अम्मीची बाही ओढायचा, काय झालं विचारायचा. अम्मी म्हणायची, बाद में बताती. लई चांगली होती माझी अम्मी. पण ते 'बाद में' कधी आलंच नाय सुनंदा. भाई मेला तरी नाय."

एवढं सांगून तिनं मला मुलांच्या चित्रांबद्दल काहीतरी विचारलं. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

मग कोरोनाचा तो मार्च आला आणि शाळा बंद झाली. वसतिगृह रिकामं करायचा हुकूम सकाळी आला आणि संध्याकाळपर्यंत मुलं ज्याच्या त्याच्या गावी गेली. पालक खूश होते, पोरं घरी आली म्हणून. आपा फाटकापाशी उभी होती. मला म्हणाली, "घरी जात्यात खरं. पण घरी यांच्याशी बोलणार कोण?"

बाहेरच्या माणसाला हे कळणं कठीण आहे. आमच्या मुलांची भाषा हातांची. ती शाळेत, वसतिगृहात, एकमेकांत बोलून वाढते. घरी आईबापांना त्यातले चार शब्द येतात: जेव, झोप, ये, जा. पोर सुट्टीत घरी गेलं की महिनाभर त्या चार शब्दांत राहतं. आता तर सुट्टीला शेवटच नव्हता.

बाकीच्या शाळांचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले तसे आमचेही करायचे ठरले. आपानं घरीच फोनवर धडा रेकॉर्ड करून मुलांच्या ग्रुपवर टाकला. पहिला धडा तिनं खिडकीसमोर उभं राहून केला, उजेड भरपूर आहे म्हणून. पण उजेड होता पाठीमागून. दुपारी एका मुलाचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं हातानं विचारलं, "मॅडम, तुम्ही काळ्या का झालात?"

दुसरा धडा तिनं ट्यूबलाइटखाली केला. त्यात डोळ्यांच्या जागी खड्डे आणि हनुवटीची सावली गळ्यावर. हात छातीशी आणला की तो त्या सावलीत नाहीसा व्हायचा. इतरांच्या व्हिडिओत हे चाललं असतं, आवाजावर भागलं असतं. इथं आवाजाचा उपयोग शून्य. ओठ दिसले नाहीत तर अर्धं वाक्य गेलं, बोटं दिसली नाहीत तर उरलेलंही गेलं.

"तोंड दिसलं पाहिजे," ती मला फोनवर म्हणाली. तिचं आयुष्यभराचं वाक्य होतं ते. आता ते तिला स्वतःला लागू झालं.

व्हिडिओसाठी लागणारे दिवे विकत मिळतात हे तिला कुणीतरी सांगितलं. दुकानं बंद होती. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीकडून तिनं गोल दिवा उसना आणला. तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन गोल चकाकायला लागले आणि डोळे दिसेनात. दिवा परत गेला. मग घरात जे होतं त्यातून दोघा नवराबायकोंनी सुरुवात केली. रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून त्यात झाडूचे दांडे रोवले. दांड्याला होल्डर बांधून एलईडी बल्ब लावले, एक डावीकडून, एक उजवीकडून, डोळ्यांच्या जरा वर. उघडा बल्ब चेहऱ्यावर मारायचा, नाक चमकायचं, म्हणून त्याच्यापुढं बटर पेपर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगला. एक बल्ब पांढरा आणि एक पिवळा होता तेव्हा तिचा अर्धा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसायचा. रफिकभाईंनी घरातले सगळे बल्ब काढून बघितले आणि एकसारखे दोन शोधले. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल माळ्यावर पडून होता. तो एका बाजूला उभा केला की त्याचा उजेड परत फिरून हनुवटीखालची सावली पुसायचा. पाठीमागं साधी फिकट निळी चादर. अंगात गडद, बिनफुलांचा कुडता, म्हणजे हात उठून दिसतात. हातातल्या बांगड्या काढल्या, कारण त्या चमकल्या की मुलांची नजर तिकडं जाते.

बांगड्यांवरून तिच्या सासूबाईंनी बीडहून फोनवर बरंच सुनावलं. सुहागनीनं रिकामे हात ठेवू नयेत. आपानं ऐकून घेतलं. रोज रेकॉर्डिंगआधी बांगड्या काढायची, झालं की घालायची.

पंखा लावता यायचा नाही, चादर हलायची. एप्रिलची दुपार, पत्र्याचं छत, दोन बल्ब. घाम ओठावर आला की थांबायचं, पुसायचं, वाक्य पुन्हा. रफिकभाईंना कंपनीनं घरी बसवलं होतं. ते थर्माकोल धरून उभे राहायचे. एकदा त्यांना तसंच उभ्या-उभ्या पेंग आली आणि धड्याच्या मधोमध थर्माकोल सावकाश आडवा होत गेला. आपानं तो धडा तसाच पाठवला. मुलं चार दिवस हसत होती.

तिचे धडे खरंच चांगले उतरायचे. मी माझ्या घरी तिच्या पद्धतीनं दिवे लावून बघितले आणि चित्रकलेचे धडे केले, पण तिच्यासारखं जमलं नाही. बाजूच्या जिल्ह्यांतल्या शाळांनी तिचे धडे मागून घेतले. तिच्या बाजूनं सगळं स्वच्छ दिसत होतं. मुलांच्या बाजूला उजेड कसा असतो, हे तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही.

वैशाली नववीत होती. गंगापूरकडच्या एका गावातली. सतरावं सरायचं होतं. आमच्याकडं मुलं उशिरा येतात म्हणून वर्ग मागं असतात. अंगानं बारीक, डोळे मोठे, आणि हात इतके भरभर चालायचे की आपाला तिला सारखं "सावकाश" म्हणावं लागे. वसतिगृहात लहान मुलींच्या वेण्या तीच घालायची. आपाचा तिच्यावर जीव होता. तसं ती कधी दाखवायची नाही, पण मुलं समोर नसली की नाव फक्त तिचंच काढायची.

मे महिन्यात एका सकाळी वैशालीचा आपाला कॉल आला. फोन तिच्या थोरल्या भावाचा. अंगणात माणसं होती म्हणून ती आतल्या खोलीत गेलेली. खोलीला खिडकी नाही, वर एक झिरोचा बल्ब, त्यात व्होल्टेज कमी. आपाला पडद्यावर दिसला तो एक काळपट आकार आणि त्याच्यापुढं हलणारं काहीतरी. हात गळ्याशी गेले. मग हात थरथरल्यासारखे हलले. मग "या, या" असं काहीतरी. चित्र थांबायचं, पुन्हा चालायचं.

दिवस कसे होते ते आठवा. गळा म्हटलं की एकच गोष्ट सुचायची. आपानं आपल्या दोन बल्बांच्या स्वच्छ उजेडात तिला सांगितलं: घसा दुखतोय ना? थंडी वाजतेय? घाबरू नको. गरम पाणी पी. मीठ टाकून गुळण्या कर. डॉक्टरला बोलव.

वैशालीनं पुन्हा हात गळ्याशी नेले. पुन्हा. आपानं पुन्हा सांगितलं: मीठ, पाणी, गुळण्या. मग पडदा हलला, भावाचा हात आला, कॉल संपला.

आपानं लगेच भावाला फोन लावला. "वैशालीला ताप हाय का?"

"नाय मॅडम. ठणठणीत हाय."

"घसा?"

"काय नाय हो. उगंच करती ती."

आपाला बरं वाटलं. पुढच्या दोन-तीन वर्गांना वैशाली दिसली नाही. फोन लागत नव्हता. गावाकडं रेंज नसते, असं आम्ही धरून चाललो.

मग एका वर्गात मीही कॉलवर होते. सात-आठ मुलं, प्रत्येक आपापल्या चौकोनात. वैशालीच्या शेजारच्या गावातला एक मुलगा ओसरीवर उन्हात बसला होता, लख्ख दिसत होता. आपानं सगळ्यांना विचारलं, वैशाली कुठं आहे, कुणाला माहिती? त्या मुलानं दोन्ही हात गळ्याशी नेले, बोटं मिटून खाली ओढली, छातीवर मधोमध टेकवली. मंगळसूत्र. लग्न. मग हसत सांगितलं, आम्ही जेवायला गेलो होतो, बुंदी होती.

आपा पडद्यावर तशीच थांबली. मला वाटलं, नेट गेलं. मग तिचे हात हळूहळू तिच्या स्वतःच्या गळ्याशी गेले. तिनं ती खूण स्वतःवर करून बघितली, एकदा, सावकाश. नंतर दोन्ही हात हलवले, नको, नको. नंतर "या". त्या उजेडात तिच्या चेहऱ्यावरचं काहीच लपत नव्हतं. मुलं बघत होती. एकीनं विचारलं, मॅडम, घसा दुखतोय का?

वैशालीनं लिहून का नाही पाठवलं, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. लिहिलं असतं तर भावानं वाचलं असतं. हाताची भाषा घरात कुणालाच कळत नव्हती. तेवढी एकच वाट तिला सुरक्षित होती, आणि ती वाट आपापाशी येऊन संपत होती.

एसटी सुरू झाली तशी आम्ही दोघी गंगापूरला गेलो, तिथून जीपनं गावात. वैशालीची आई दारातच भेटली. चांगली बाई. आम्हाला पाणी दिलं, चहा टाकला. तिच्या तोंडावर कसलाही अपराध नव्हता.

"बरं झालं बघा मॅडम," ती म्हणाली. "कोरोनात माणसं कमी, खर्च कमी. पावना शेतकरी हाय, जरा वयानं मोठा, पयली बायको वारली त्याची. पर मुकी पोरगी कोण करतंय? आमी काय जन्माला पुरणार हाव का तिला?"

"तिला विचारलं का?" आपा म्हणाली.

"तिला काय कळतंय? रडली थोडी. समद्याच रडत्यात." मग चहा गाळता गाळता ती म्हणाली, "पर एक सांगू का? हळदीच्या दिशी पोरगी सारखी रस्त्याकडं बघत बसली व्हती. मला वाटलं, मैत्रिणी येणार असतील शाळेतल्या."

परतीच्या जीपमध्ये आपा स्वतःच्या हातांकडं बघत बसली. शेजारी बसलेल्या बाईनं तिला विचारलं, कुणी गेलं का तुमचं?

वैशालीचं सासर पाचोडच्या पुढं एका वस्तीवर. तिथंही आम्ही गेलो. सासूनं खाटेवर बसवलं, वैशालीला बाहेर आणलं. अंगावर नवी साडी, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. आपा उठून तिच्यासमोर गेली. आपाचे हात वर आले मात्र, वैशालीनं डोळे मिटून घेतले.

ऐकू येणाऱ्या माणसाला राग आला तर तो तोंड फिरवतो, पण कान उघडेच राहतात. समोरच्याला निदान बोलून घेता येतं. इथं डोळे मिटले की दार बंद. आपा हात वर धरून उभी होती आणि वैशाली डोळे मिटून उभी होती. तिला हात लावून डोळे उघडायला लावणं आपाला जमण्यासारखं होतं, पण तिनं ते केलं नाही. सासू म्हणाली, "लाजती बघा."

शहरात आल्यावर आपानं महिला-बालविकासच्या ऑफिसात रीतसर तक्रार केली. मुलगी अठराची नाही, शाळेचा दाखला आहे. ऑफिसातून माणसं वस्तीवर गेली. सासरच्यांनी दुसरी जन्मतारीख असलेलं कार्ड दाखवलं. मुलीला विचारा म्हटल्यावर सासूनंच मध्ये पडून काहीतरी हातवारे केले आणि सांगितलं, खूश हाय म्हणती. आपानं दुभाषी म्हणून येते असं सांगितलं होतं. तक्रार करणारीच दुभाषी कशी चालेल, असं उत्तर आलं. दुसरा दुभाषी बोलावतो म्हणाले. तो कधी आला असेल तर आम्हाला कळलं नाही.

याच दिवसांत आपानं आणखी एक काम सुरू केलं. रविवारी रफिकभाईंच्या मोटरसायकलवर दोघं निघायची. पिशवीत होल्डर, वायर, चार्जिंगचे बल्ब, चिमटे, थर्माकोलचे तुकडे. एकेका मुलाच्या घरी जायचं, मूल कुठं बसून फोनवर बोलतं ते बघायचं आणि तिथं दिवा लावून द्यायचा. दिवा मुलाच्या तोंडासमोर, पाठीमागं नाही. वीज गेली तरी चालेल असा. आईला, आजीला, जे कोणी घरात असेल त्याला दाखवून यायचं. सुट्टी असली की मी माझ्या स्कूटीवर मागून जायचे.

लोक हसायचे. एका बापानं तो बल्ब गोठ्यात नेऊन लावला. आपा पुन्हा गेली तर म्हणाला, "म्हशीला उजीड लागतो मॅडम. पोरगं काय, अंधारात बी जेवतंय." आपानं भांडण केलं नाही. दुसऱ्या खेपेला दोन बल्ब नेले. "एक म्हशीचा, एक पोराचा," म्हणाली. "अदलाबदल करू नका म्हंजे झालं."

वर्गाची तिची पद्धतही बदलली. मूल कॉलवर आलं की धडा नंतर. आधी मुलानं आपले हात दाखवायचे, दहाही बोटं. दिसली नाहीत तर दिवा हलवायचा. मग मुलानं काहीही सांगितलं, अगदी जेवलो एवढं जरी सांगितलं, तरी ती उलट करून दाखवायची: मला हे कळलं, बरोबर आहे का? मुलं कंटाळायची. एका धड्याला दोन धड्यांचा वेळ जायचा. मुख्याध्यापकांनी अभ्यासक्रमाची आठवण करून दिली तेव्हा तिनं त्यांचंच वाक्य उलट करून त्यांना विचारलं, मला हे कळलं, बरोबर आहे का? त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

ती वाळायला लागली होती. घरी हसणं कमी झालं, असं रफिकभाई म्हणाले. जेवताना मध्येच तिचे हात ताटाबाहेर थांबायचे.

हिवाळ्यात वैशालीचा व्हिडिओ आला. अनोळखी नंबर, बहुतेक नवऱ्याचा. आपानं मला घरी बोलावून दाखवला. भर दुपारी ती शेतात उभी होती, ऊन समोरून चेहऱ्यावर घेऊन. पाठीमागं काहीच नाही, नुसतं नांगरलेलं रान. एकेक बोट दिसत होतं. ती सावकाश बोलली, आपा तिला नेहमी सांगायची तसं सावकाश.

"मी सांगितलं होतं. तू मीठ-पाणी सांगितलंस. मी रोज रस्ता बघितला. आता मला दिवस गेलेत. तू येतेस, तू माणसं पाठवतेस, मग मला मारतात. येऊ नको."

शेवटचं "येऊ नको" तिनं दोनदा केलं. मग फोनकडं चालत आली आणि पडदा काळा झाला.

रफिकभाई खिडकीशी उभे होते. ते म्हणाले, "शमीम, बच्ची गुस्से में है." आपा म्हणाली, "गुस्सा नहीं जी. सच बोल रही."

तिनं उत्तर रेकॉर्ड केलं. मी थर्माकोल धरला. तिनं केलं ते फार थोडं होतं: "मला आता कळलं. चूक माझी. येणार नाही. तू बोलावशील तेव्हा येईन." नंतर तिनं फोन तपासला, हात दिसतात का, ओठ दिसतात का, आणि पाठवून दिला. पलीकडं बघितल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही. आपा त्यानंतर पाचोडच्या रस्त्याला गेली नाही. तिकडच्या वाटेवर आमच्या एका मुलाचं घर होतं. तिथला दिवा लावायला तिनं मला पाठवलं.

दुसरी लाट आली ती मार्चअखेर. आधी रफिकभाई पडले, ते घरीच बरे झाले. मग आपा. तिला शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. रफिकभाई अजून घरात बंद, मुलगी जालन्याहून येऊ शकत नव्हती. कपडे आणि थर्मास द्यायला मी जायचे. आत सोडत नव्हते. पिशवी फाटकावर द्यायची आणि परतायचं. चौथ्या की पाचव्या दिवशी फोन आला. दफनाला चार माणसं होती, त्यात बाई मी एकटी, तीही लांब रस्त्यावर उभी.

मुलांना मीच सांगितलं, व्हिडिओ करून. माणूस गेल्याची खूण पहिल्यांदा उजेडाबाहेर गेली आणि मला ती पुन्हा करावी लागली. वैशालीच्या त्या नंबरावरही पाठवला. तिनं बघितला. तिला मुलगा झाला, असं पुढं कानावर आलं. ती तिथंच आहे. याहून जास्त मला माहीत नाही.

आपाला मी शेवटचं बघितलं ते तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी, सकाळी. पिशवी घेणारा माणूस जागेवर नव्हता, म्हणून मी इमारतीच्या कडेनं मागं गेले. तिथं तळमजल्यावर वॉर्डाची काचेची खिडकी होती. आत आठ-दहा खाटा, सगळ्या बायका, सगळ्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचे मास्क, मशीनची घरघर काचेबाहेरही ऐकू येत होती. आपा तिसऱ्या खाटेवर, पालथी झोपवलेली, तोंड पलीकडं. मी काचेवर हात हलवत राहिले, पण तिला ते दिसणं शक्य नव्हतं.

तिच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, कुठल्या तरी खेड्यातली, कपाळावर हिरवं गोंदण. मास्कमुळं तिला बोलता येत नव्हतं. पांढऱ्या पोशाखातली नर्स दुसरीकडं जात होती. म्हातारीनं हात वर केला आणि अंगठा ओठांशी नेऊन दोनदा कलता केला. पाणी. आमच्या शाळेत मूल पहिल्या आठवड्यात शिकतं ती खूण, अगदी तशीच. नर्स थांबली, पाणी घेऊन आली. पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं छातीवर हात चपटा ठेवून वरखाली केला, दम लागतोय. नर्सनं तिची नळी सारखी केली. आणखी एकीनं कानाशी मूठ नेली, घरी फोन लावून दे. नर्सनं मान हलवली आणि हातानंच सांगितलं, थांब, आधी हिचं.

वॉर्डात कुणीच बोलत नव्हतं आणि सगळ्या बोलत होत्या. आपा पालथी पडून होती, तिची पाठ वरखाली होत होती, आणि तिला यातलं काही दिसत नव्हतं.